पिकअपला लावलेलं सलाईन

पेट्रोल वाचवायचा एकच खात्रीचा उपाय आहे. गाडी घरी उभी करायची आणि पायी जायचं. सेलूच्या स्टेशन रोडवरच्या माझ्या गॅरेजात मी हा उपाय फुकट सांगत असे, आणि फुकट म्हणूनच बहुधा तो कुणी घेतला नाही. गिऱ्हाइकाला हवं असायचं ते वेगळंच. गाडी पळाली पाहिजे, तिनं खताची पोती ओढली पाहिजेत, मागच्या हौद्यात चार पाहुणे बसले पाहिजेत आणि संध्याकाळी टाकीतलं पेट्रोल मात्र सकाळी होतं तिथंच राहिलं पाहिजे. असं इंजिन अजून कुठल्याही देशात निघालेलं नाही, पण ते न देणारा मिस्त्री मात्र नालायक ठरत असे.

सत्तरच्या त्या दशकात तिकडं अरबांच्या मुलखात काहीतरी बिनसलं आणि इकडं आमच्याकडं पेट्रोलचा भाव चढला. तोवर सेलूत चर्चा व्हायची ती कापसाच्या भावाची. आता ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही तोही पानाच्या ठेल्यावर उभा राहून पेट्रोल कसं वाचवावं ते सांगू लागला. आणि ज्यांच्या दारात गाडी होती ते त्याचं ऐकून माझ्याकडं येऊ लागले. माझा धंदा त्या वर्षांत जो चालला तो गाड्या बिघडल्यामुळं कमी आणि लोकांनी त्या सुधारल्यामुळं जास्त.

पालमचे एक कापड दुकानदार होते. गठ्ठे आणायला त्यांच्याकडं जुनी गाडी होती. त्यांनी कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मूठभर टाकीत टाकल्या. गोळ्यांनी कपडे टिकतात, मग पेट्रोलही टिकेल, असा हिशेब. मी टाकी उतरवली, धुतली, गाळ काढला. पैसे देताना ते म्हणाले, "मिस्त्री, फरक तर पडला होता. गाडी तीन दिस बंद होती तर एक थेंब खर्चला न्हाई." मी मान डोलावली. परभणीचे एक वकील पेट्रोलमध्ये निम्मं घासलेट ओतत. मागून काळा धूर निघाला की म्हणत, इंजिन साफ व्हायलंय. त्यांच्या अशिलांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, इंजिनाचं मात्र मी पाहिलं.

हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन पेट्रोल पितं असं आपण म्हणतो, पण ते पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी जास्त ओढतं. दोन्हींचं मिश्रण करणारी जी डबी असते तिला कार्बोरेटर म्हणतात. त्यात जेट नावाचा पितळेचा तुकडा असतो, त्याला सुईनं पाडावं तेवढं भोक. गिऱ्हाईक म्हणायचं, त्या भोकात तांब्याची तार घाला, पेट्रोल कमी येईल. कमी येतंच. मग गाडी ओढत नाही, ड्रायव्हर पाय दाबून धरतो आणि होतं त्याहून जास्त जाळतो. खरं काम एवढंच असतं: हवेचा फिल्टर साफ ठेवा, ठिणगी पाडणारे प्लग आणि पॉइंट नीट करा, टायरात हवा भरा, ब्रेक चाकाला धरून बसले नाहीत ना ते बघा. एवढं झालं की मिस्त्रीचा संबंध संपला. उरलेलं पेट्रोल ड्रायव्हरच्या उजव्या पायात आणि गिअरवरच्या डाव्या हातात असतं. यात जादू काहीच नाही, त्यामुळं कुणाचा विश्वास बसत नसे.

आता त्या पिकअपची गोष्ट.

आमच्याकडं एक सहकारी संस्था होती, बी-बियाणं आणि खतं विकायची. नाव सांगत नाही, कारण त्या काळी सगळ्याच संस्था सारख्या होत्या आणि बाकीच्यांना उगाच वाईट वाटेल. संस्थेकडं एक पिकअप होती. तोंड जीपचं, मागं उघडा हौदा, रंग एके काळी हिरवा. चेअरमन नानासाहेब. माणूस जमीनदार, अंगानं भक्कम, बोलायला गोड. बैलातलं त्यांना जे कळत होतं ते जिल्ह्यात फार थोड्यांना कळत असेल. त्यांच्या लाल कंधारी जोडीच्या पाठीवर माशी बसली तर घसरायची. पण बैलातलं कळतं म्हणून सगळ्यातलंच कळतं, असा त्यांचा समज होता आणि तो मोडण्याचं धाडस गावात कुणात नव्हतं.

पिकअपवर ड्रायव्हर होता सुखदेव. बौद्ध वस्तीतला, माझ्याच वयाचा. पट्टीचा ड्रायव्हर आणि त्याची त्याला पुरेपूर जाणीव. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खताची गाडी चालवणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. दर फाट्यावर आरशात बघून भांग पाडायचा. सगळं गाव नानासाहेबांना 'मालक' म्हणे, हा एकटा 'चेअरमन साहेब' म्हणायचा. नानासाहेबांना ते खुपायचं, पण चेअरमन म्हटल्याबद्दल चेअरमनला रागावता येत नाही. घरात म्हातारी आई, बायको, शाळेत जाणारी तीन लेकरं. त्याच्या घरात लोकांच्या रानात न राबता पगार आणणारा तो पहिला. ही नोकरी गेली तर परत तेच, दुसऱ्याच्या बांधावर जाऊन काम विचारणं. हे तो कधी बोलायचा नाही, पण शर्टाची इस्त्री त्यासाठीच होती.

भाव चढल्यावर नानासाहेबांनी काटकसर हातात घेतली. बैल दामटला की जास्त खातो, तर गाडीही दामटली की जास्त पिणार, हे उघड होतं. म्हणून पहिला हुकूम निघाला: गाडी हळू चालवायची, दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. दुसरा हुकूम: वाटेत थांबलं तरी इंजिन बंद करायचं नाही, कारण बसलेला बैल उठवायला लय जोर लागतो. तिसरा: पुढच्या जाळीवर गोणपाट बांधायचं, जनावराला थंडी बाधते. सुखदेवनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब, अशानं जास्त जाळंल ती."

नानासाहेब म्हणाले, "तू गाडी शिकायच्या आधीपासून मी जनावरं हाकायलोय."

दुसऱ्या गिअरचं गणित सोपं आहे. लहान लहान पावलं टाकत परभणी गाठायची म्हटलं तर पाय जास्त वेळा उचलावा लागतो. खालच्या गिअरात इंजिनाचं तसंच होतं, तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त मारतं. पण या हुकमाचा एक फायदा होता, तो मान्य केला पाहिजे. गाडी इतकी हळू चालायची की नानासाहेबांना दोन्ही बाजूंचे रामराम नीट घेता यायचे. गावात शिरलं की ते हात जोडत, पाराजवळ गाडी उभी करून चौकशी करत, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोरगा पास झाला. तोवर इंजिन गुरगुरत राही. संस्थेची निवडणूक पुढच्याच साली होती.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या वाड्यात बैलांची खांदेमळण झाली. खांद्याला लोणी-हळद चोळतात, जू ओढून ओढून दुखतो म्हणून. नानासाहेबांना वाटलं, पिकअपनंही वर्षभर ओढलंय. गाडीचे खांदे कुठले यावर थोडी चर्चा झाली आणि पुढचे दोन मडगार्ड हे खांदे ठरले. त्यांना रीतसर लोणी-हळद चोळली. दोन दिवस तिला काम सांगितलं नाही, हे एक बरं झालं. तेवढ्याच दोन दिवसांत खरं पेट्रोल वाचलं. नंतर ती माझ्याकडं आली तेव्हा मडगार्डवर मुंग्यांची वारूळं व्हायची बाकी होती. सुखदेव बाजूला उभा राहून हसत होता. म्हणाला, "मिस्त्री, हिला आता पुरणपोळी चारायची तेवढी राहिली."

पुढं हसू आटलं. आधी लिटरला आठ-नऊ किलोमीटर देणारी गाडी पाचावर आली. नानासाहेबांचे तिन्ही हुकूम पाळले जात होते, म्हणजे चूक हुकमात असणं शक्यच नव्हतं. गाडीत असावी, तर मी ती दोनदा तपासून नीट असल्याचं सांगितलं होतं. मग उरला कोण? संचालक मंडळाच्या बैठकीत एकजण म्हणाला, "पेट्रोल हवेत उडतंय का?" दुसरा म्हणाला, "इस्त्रीचा शर्ट कशावर निघायलाय ते बघा." पुरावा कुणी मागितला नाही. तो कुठल्या वस्तीत राहतो एवढं सगळ्यांना माहीत होतं, ते पुरलं. दोन दिवसांत गावभर झालं की सुखदेव पेट्रोल विकतो. बाजारात त्याच्या बायकोला एका दुकानदारानं विचारलं, घरात दिव्यालाही पेट्रोलच वापरता का.

सुखदेव माझ्याकडं आला. भांग नीट होता, बाकी काही नीट नव्हतं. म्हणाला, "मिस्त्री, तुमच्याकडं असं काही हाय का, की त्यांच्या डोळ्यादेखत मोजता येईल?"

होतं. माझ्या उस्तादांनी शिकवलेली रीत. सरकारी दवाखान्यातून सलाईनची रिकामी काचेची बाटली आणायची, तिच्यावर मापाच्या रेघा असतातच. टाकीची नळी सोडायची, बाटलीत मोजून एक लिटर पेट्रोल भरायचं, ती उंच टांगायची आणि रबरी नळीनं थेट कार्बोरेटरला जोडायची. मग गाडी चालवायची. बाटली संपली की गाडी थांबते. किती पळाली ते मीटरवर वाचायचं. चोरी करायची तर सगळ्यांसमोर बाटलीला तोंड लावावं लागेल.

नानासाहेब तयार झाले. न्यायाला ते कधी नाही म्हणत नसत, न्याय त्यांच्यासमोर झाला पाहिजे एवढंच. पाथरीच्या रस्त्यानं निघालो. सुखदेव स्टिअरिंगवर, शेजारी नानासाहेब, मागं हौद्यात मी आणि साक्षीला दोन संचालक. त्यातल्या एकट्याचंच वजन खताच्या दोन पोत्यांएवढं होतं. पुढच्या काचेच्या चौकटीला सुतळीनं बांधलेली बाटली, खाली बॉनेटच्या फटीत गेलेली नळी. पहिल्याच गावात पारावरचा म्हातारा उठून जवळ आला, बाटलीकडं बघितलं आणि काळजीनं म्हणाला, "मालक, सलाईन लावलंय? लय दिस झाले का आजारी हाय?"

नानासाहेब म्हणाले, "अशक्तपणा हाय."

पहिली बाटली हुकमाप्रमाणं. दुसरा गिअर, जाळीवर गोणपाट, गावोगाव रामराम आणि चालू इंजिन. पाचवा किलोमीटर पुरा व्हायच्या आत गाडीनं आचके दिले आणि ती कापसाच्या रानाकडेला उभी राहिली. बाटली सगळ्यांनी हातात घेऊन बघितली, जाड्या संचालकानं ती उलटी करून झटकलीसुद्धा. कुणी काही चोरलं नव्हतं, आणि पेट्रोल रोजच्यासारखंच संपलं होतं. सुखदेवनं खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडला. त्याच्यावरचा आळ तिथंच गेला होता.

तिथंच थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण मिस्त्रीची जात. आजार सापडला की औषध दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हणालो, "मालक, एक बाटली सुखदेवच्या मनानं चालवू द्या. बघा तर खरं." गोणपाट सोडलं, बाटली भरली. सुखदेवनं गाडी उचलली, दुसरा, तिसरा, आणि सरळ टॉप. पाय नुसता टेकवलेला, चढ आला तरी दाबला नाही. समोर बैलगाडी दिसली की लांबूनच पाय काढून घ्यायचा, ब्रेकला पाय लावल्यासारखा लावायचा. हौद्यात उभा राहून मी रेघांकडं बघत होतो, त्या उतरतच नव्हत्या. कुणाचे रामराम नाहीत, कुणाची म्हैस नाही. गाडी थांबली तेव्हा मीटर नऊ किलोमीटरच्या पुढं गेलं होतं. मला इतका आनंद झाला की मी जाड्या संचालकाच्या पाठीवर थाप मारली.

सगळे खाली उतरले. रस्त्याकडेला लिंबाचं झाड होतं, नानासाहेब त्याच्या सावलीत उभे राहिले. बराच वेळ सुपारी कातरत होते. मग शांतपणे म्हणाले, "म्हंजी नऊ देणारी गाडी ह्यानं इतके दिस पाचावर चालवली."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "मालक, हुकूम तुमचाच होता ना? दुसऱ्या गिअरचा?"

"मी हळू चालव म्हणलो. पेट्रोल जाळ म्हणलो का?"

दोन्ही संचालकांनी माना हलवल्या. बरोबर हाय, असं जाडा म्हणाला. आयुष्यात मी खूप इंजिनं उघडली, पण चेअरमनच्या डोक्यात ठिणगी कुठून कुठं जाते ते मला कधी उमगलं नाही. चोर नाही हे सिद्ध झालं होतं, आणि त्याच पुराव्यावर सुखदेव आता नुकसान करणारा ठरला होता. तेही मी पुरवलेल्या बाटलीनं.

नानासाहेब तसे वाईट नव्हते. म्हणाले, "जाऊ दे. चार माणसांपुढं म्हण, माझं चुकलं. विषय संपला. उद्यापासून तुझ्या मनानं चालव." आणि त्यांना खरंच वाटत होतं की आपण मोठं मन दाखवतोय.

 मी सुखदेवला गाडीच्या मागं ओढलं. म्हणालो, "म्हणून टाक, बाबा. तोंडानं म्हणायला काय जातंय? लेकरं हायत घरी."

तो म्हणाला, "मिस्त्री, चोर म्हणले तवा मी गप बसलो. खोटं होतं, आज न्हाई उद्या उघडं पडणारच होतं. पण चुकलं म्हणलो तर ते माझ्या तोंडानं खरं होईल. मग खरं काय ते माझी लेकरं कुणाला इचारतील?"

 त्यानं डॅशबोर्डवरून आपला कंगवा आणि फडकं घेतलं. त्याच फडक्यानं स्टिअरिंग एकदा पुसलं. किल्ली बॉनेटवर ठेवली, नानासाहेबांना म्हणाला, "येतो, चेअरमन साहेब," आणि चालायला लागला. जाडा संचालक म्हणाला, माज बघा. नानासाहेब मात्र सुपारी कातरायची थांबले होते.

पुढचं आधीच सांगून टाकतो. संस्थेनं नानासाहेबांच्या भाच्याला ड्रायव्हर केलं. तो मामाचा हुकूम अक्षरशः पाळायचा. पिकअप पुन्हा पाचावर आली आणि या वेळी दोष माझा निघाला: मिस्त्रीनं सलाईन लावून गाडीची सवय बिघडवली. नानासाहेब निवडून आले. सुखदेव दोन पेरण्या दुसऱ्यांच्या रानात राबला, मग परभणीत एका ट्रकवाल्याकडं लागला. मधल्या काळात मी त्याला बिनइस्त्रीच्या शर्टात पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेलो, कारण काय बोलावं ते कळत नव्हतं.

पण त्या दुपारचं अजून थोडं राहिलं आहे. किल्ली बॉनेटवर होती आणि उरलेल्या चौघांत गाडी चालवता येणारा मी एकटा. मी बाटली सोडली, टाकीची नळी पुन्हा जोडली, नानासाहेबांना शेजारी घेतलं आणि निघालो. थोड्याच अंतरावर सुखदेव दिसला. उन्हात, रस्त्याच्या कडेनं, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. आमच्याकडं वाटेनं चालणाऱ्याला टाकून गाडी पुढं नेत नाहीत, वैरी असला तरी. मी नानासाहेबांकडं बघितलं. ते समोर बघत म्हणाले, "घ्या त्याला. मागं बसू द्या."

मी गाडी त्याच्याजवळ नेऊन थांबवली. इंजिन गुरगुरत होतं. सुखदेव थांबला, खिडकीतून आत बघितलं, माझ्याकडं, मग नानासाहेबांकडं. चेहरा शांत होता. म्हणाला, "कामून थांबवली, मिस्त्री? जावा तुमी. थांबलेली गाडी उचलायला लय पेट्रोल जातं."